नेपाळला तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून चाललोय, तिथे कॉलेजचे मित्रही आहेत. आधी संस्थेत हजर व्हावं की मित्रांकडे जावं? आणि तयारी काय करावी?

आधी मित्रांकडे. संस्थेचं तुमच्यावाचून काही अडलेलं नसतं, दोन दिवस उशिरा गेलात तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

एवढं ठासून सांगतोय कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात अजून वाद होतो. मेव्हण्यांचं म्हणणं, मी नेपाळला मित्रांना भेटायला गेलो होतो आणि मदतकार्य हे निमित्त होतं. शिवाय विमानाच्या तिकिटाचे पैसे पाठवले असते तर तेवढ्यात एखाद्या घरावर पत्रे पडले असते, हेही दर दिवाळीला ऐकवतात.

तर ऐका. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मी नोव्हेंबरात गेलो. पुण्याच्या हॉस्टेलवर माझे दोन रूममेट नेपाळचे होते, एक काठमांडूलगतच्या कीर्तिपूरचा नेवार, दुसरा सिंधुपाल्चोक जिल्ह्यातला तामाङ (नेवार आणि तामाङ हे तिथले दोन समाज). पाच वर्षांत गाठ नव्हती. तामाङचं घर पडलं होतं. त्याच्या गावाकडे शाळेच्या तात्पुरत्या खोल्या उभारायच्या होत्या, मी सिव्हिलवाला, म्हटलं जातो.

मधल्या काळात, सप्टेंबरात, त्यांची नवी राज्यघटना आली आणि पाठोपाठ सीमेवर ट्रक अडले. दिल्ली म्हणत होती मधेशातल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट भागातल्या, घटनाविरोधी आंदोलनामुळे अडले, काठमांडूत लोक सरळ म्हणत होते भारताने नाकाबंदी केली. मी ही बातमी वाचली होती आणि विसरलोही होतो. हे खरं सांगतोय, यात भूषण काही नाही.

त्रिभुवन विमानतळाबाहेर नेवार बाइक घेऊन येणार होता. आला सायकलवर. पाच वर्षांनी भेटलेल्या माणसाचं पहिलं वाक्य, तेही अस्सल सदाशिव पेठी मराठीत: "पेट्रोल तुमच्याकडे अडकलंय, चला आता पायी." मग मिठी. बॅग कॅरिअरला बांधली, त्याने हँडल धरलं, मी मागून ढकलत होतो. वाटेत पंपापाशी मोटारसायकलींची रांग, निम्म्या गाड्यांजवळ माणूसच नाही, रांगेत लावून घरी गेलेले. कीर्तिपूरचा चढ येईपर्यंत अंधार पडला.

घरी सिलिंडर रिकामा. अंगणात तीन विटांची चूल, त्यात जुन्या घराच्या मोडक्या लाकडांचा जाळ. त्याच्या आईने, मी त्यांना आमा म्हणतो, उडदाचं जाडसर धिरडं वाढलं (त्याला ते बारा म्हणतात) आणि विचारलं, "बाबु, ग्यास कहिले आउँछ?" गॅस कधी येणार. मी जणू एजन्सीतून आलेला माणूस. टोमणा नव्हता तो. भारतातून आलाय, याला माहीत असेल, असं त्यांना खरंच वाटलं. मी मान खाली घालून खात राहिलो.

दोन-तीन दिवसांनी आपला पाडवा, त्यांची म्ह पूजा. नेवारांचं नवं वर्ष, नेपाळ संवत ११३६. घरातल्या प्रत्येकासाठी जमिनीवर एकेक मंडल काढतात आणि ज्याने-त्याने आपापल्या मंडलासमोर बसायचं. आमांनी माझंही काढलं. खायच्या तेलाची टंचाई होती त्या दिवसांत, तरी माझ्या मंडलावरच्या वातीला इतरांएवढंच तेल.

मी थेट संस्थेत गेलो असतो तर काठमांडूत ठमेलच्या, म्हणजे पर्यटकांच्या वस्तीतल्या, हॉटेलात उतरलो असतो, टी-शर्ट मिळाला असता, आणि भारतीय म्हणून त्या वर्षी तिथे आपण काय आहोत हे गावात पोचल्यावर कळलं असतं. गावात पहिल्या दिवशी म्हातारी माणसं गप्प बसून होती. तामाङ मित्र त्याच्या भाषेत काहीतरी बोलला आणि सगळे हसले. काय बोलला ते अजून सांगत नाही.

आणि काम म्हणाल तर माझं शिक्षण तिथे फारसं लागलं नाही. मी औशाकडचा, किल्लारीचा १९९३ चा भूकंप लहानपणी पाहिलेला. तीच दगडमातीची भिंत तिथे पाहिली: दोन बाजूंना दगड, मध्ये भराव, दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार लांब दगड कुठेच नाही. मोठ्या ऐटीत हे तिथल्या गवंड्याला सांगायला गेलो. तो म्हणाला, माहीत आहे, पण तसा दगड फोडून आणायची मजुरी कोण देणार? त्यानंतर अकरापैकी आठ दिवस मी कपाळाला नाम्लो (पाठीवरचं ओझं पेलणारा पट्टा) लावून रस्त्यापासून शाळेपर्यंत पत्रे वाहिले. भूकंप शनिवारी दुपारी १२ च्या आत झाला, शनिवारी तिथे शाळेला सुट्टी असते म्हणून पोरं वाचली होती. त्यांचीच शाळा.

आता मेव्हण्यांना उत्तर: पैसे पाठवले असते तर पत्रे आले कशातून असते? ट्रकला डिझेल नव्हतं. जे होते ते तालुक्याला पडून होते आणि ते वाहायला माणसंच लागत होती. आणि हो, गेलो मित्रांना भेटायलाच. मित्र नसते तर गेलोच नसतो. लिहून दिलं. (एरवी, रस्ता चालू असताना, पैसे पाठवणंच जास्त उपयोगाचं, हे मात्र त्यांचं बरोबर आहे. त्यांना सांगू नका.)

तुम्ही तयारीचंही विचारलंय. भारतीय असाल तर व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, आधारवर अडकाल. पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असेल तर आधी नीट चौकशी करा, तिथे पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. पावसाळ्यात जात असाल तर दरडी आणि जळवा धरून चला.

आणि मित्रांच्या आयांसाठी फराळ नेणार असाल तर चिवडा न्या. माझ्या चकल्यांचा कीर्तिपूरपर्यंत भुगा झाला होता.