अनुभवी टँगो नर्तकाने ब्युनोस आयर्सचा डिनर शो पाहावा का?

तुम्ही सहा वर्षं टँगो नाचताय, पहिल्यांदाच ब्युनोस आयर्सला निघालात आणि 'डिनर शो पर्यटकांसाठी असतो, पैसे वाया जातील' असं सोबतचे सांगताहेत. मी म्हणेन, जरूर जा. फक्त नाचापेक्षा वाद्यवृंदासाठी जा.

मी अकरा वर्षं नाचते. ब्युनोस आयर्सच्या सान तेल्मो भागातल्या एका शोला गेले तेव्हा माझ्याही मनात हीच अढी होती. पहिली वीस मिनिटं मी नुसत्या खोडी काढत होते. इतके गांचो (जोडीदाराच्या पायात पाय अडकवणं) कशाला, मिठी सोडून उचलाउचली कशाला? मग जोडपी आत गेली आणि वादक एकटेच वाजवू लागले.

मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायला जमतात त्या मैफलीत, आपण नाचतो ते बहुतेक १९३५ ते १९५५ च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रणांवर. दारिएन्झो, दि सार्ली, पुग्लिएसे हे त्या काळचे वाद्यवृंदप्रमुख आपल्याला स्पीकरमधूनच भेटलेले. समोर बसून ऐकलं तेव्हा बंदोनिऑन या भात्याच्या वाद्याचा श्वास पहिल्यांदा कळला. या वाद्यात एकच बटण भाता उघडताना एक सूर देतं आणि मिटताना दुसरा. त्यामुळे वादक बराचसा भाग भाता उघडत वाजवतात, मग हवेची कळ दाबून तो झटकन मिटतात. तेव्हा हुश्श असा आवाज येतो आणि सुरावट क्षणभर थांबते. त्याच जागी मी इतकी वर्षं घाईने पुढचं पाऊल टाकत आले होते! त्या रात्रीनंतर मी तिथे थांबायला शिकले. कोणत्याही वर्गात मला हे इतकं स्पष्ट समजलं नव्हतं.

नाचाबद्दल एवढंच की त्याला मिलोंगाचं माप लावू नका. टँगोच्या जागतिक स्पर्धेतही 'पिस्ता' (मिलोंगातल्यासारखा नाच) आणि 'एसेनारियो' (मंचावरचा नाच) असे दोन वेगळे विभाग आहेत. पिस्तात गाणं संपेपर्यंत मिठी सोडता येत नाही, एसेनारियोत सोडता येते. बैठकीच्या लावणीने फडावरच्या लावणीला नावं ठेवू नयेत, तसंच हे. मंचावरची जोडी शेवटच्या रांगेसाठी नाचत असते. तरी दोन करामतींच्या मधे ती नुसती चालते, तेव्हा तिच्या पायांकडे बघा. खरी तयारी तिथे दिसते.

जेवण साधारण साडेआठला आणि शो दहाच्या आसपास सुरू होतो. बऱ्याच ठिकाणी जेवणाशिवाय नुसत्या शोचं तिकीट मिळतं, तेच घ्या. टेबल थोडं मागे मिळेल, पण स्टेक आणि मालबेक वाइन रिचवून नंतर नाचता येत नाही. आरक्षण करतानाच वादक कुठे बसतात ते विचारा. काही ठिकाणी ते वरच्या सज्जात असतात. माझं टेबल खांबाआड होतं, पियानोवादक मला शेवटपर्यंत दिसलाच नाही, याची अजून हळहळ वाटते.

नाचाचे बूट पिशवीत ठेवा आणि शो सुटल्यावर थेट मिलोंगा गाठा. तिथे रात्र तेव्हा कुठे रंगात येत असते. मी गेले तर मंचावर मघाशी गिरक्या घेणारी एक नर्तकी तिथे आधीच पोहोचली होती. सपाट बूट, साधा स्कर्ट. एका वृद्ध गृहस्थांचा काबेसेओ, म्हणजे नजरेनेच दिलेलं नाचाचं आमंत्रण, तिने मान हलवून स्वीकारला आणि चार गाण्यांची अख्खी तांदा डोळे मिटून नाचली. पाय एकदाही जमिनीपासून वर उचलला नाही.