बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणून पोट भरायचं असेल तर

अरे लेका,

तुझा मेसेज वाचला, व्हिडिओ पण बघितला. बास्केटबॉल लीगच्या टीममध्ये गार्ड म्हणून, म्हणजे बॉल वर आणून खेळ लावणारा म्हणून, नाव आलं, जर्सी मिळाली, लई भारी वाटलं. घरी पेढे वाटले असतीलच, वाटायलाच पाहिजेत. पण खाली तू जे विचारलंयस ना, की आता कॉलेज सोडून पुण्याला नाहीतर दिल्लीकडे पूर्ण वेळ खेळायला जाऊ का, त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यात देता येईना म्हणून लिहायला बसलो. लांबेल, वैतागू नको.

आधी कॅलेंडर काढ. आपल्याकडची लीग चालते किती, तर काही आठवडे. 2015 ला यूबीए ही बास्केटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पण सगळी पोरं असंच म्हणत होती की आता झालंच, आणि 2017 नंतर ती बंद. मग 2018 ला थ्री बाय थ्रीची, म्हणजे तीन विरुद्ध तीन खेळाडूंची, लीग आली, 2022 ला आयएनबीएल ही अजून एक लीग. लीगा येतात, जातात, नावं बदलतात. मी लीगला नावं ठेवत नाहीये, खेळ, जीव तोडून खेळ. पण सहा आठवड्याची लीग असेल तर उरलेले साडेदहा महिने तू काय करतोस त्यालाच करियर म्हणतात, आणि ते महिने तुला कुठल्या दिल्लीत जाऊन सापडणार नाहीत.

एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगचं, पण तेच. सतनाम सिंग भामरा आठवतो ना, 2015 ला डॅलसने 52 व्या नंबरवर ड्राफ्ट केला, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीत घेतला, सव्वासात फुटाच्या आसपासचा माणूस, त्याला पण एनबीएची एकही मॅच मिळाली नाही. तू पाच फूट दहा इंच. स्वप्न बघू नको असं म्हणत नाही, पण स्वप्नावर मेसचं बिल देता येत नाही बे.

मग आपल्याकडे पोट कशावर चालतं? नोकरीवर. विशेष भृगुवंशीचं बघ, वाराणसीचा पोरगा, गार्ड, इंडियाचा कॅप्टन होता, 2017 ला ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीमने बोलावलं, 2020 चा अर्जुन पुरस्कार, आणि इतकी वर्षं खेळला कुणाकडून तर ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीकडून. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याला वय 18 ते 25 लागतं, आणि आपल्या सोलापुरात रेल्वेचं विभागीय (डीआरएम) ऑफिस असून पोरं भरतीची जाहिरात बघत नाहीत याचा मला राग येतो. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला प्रमाणपत्राची पडताळणी लागते आणि पडताळणीत मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा बघतात, लीगमधला फोटो नाही. म्हणून स्टेट, नॅशनल, युनिव्हर्सिटी, यातली एक पण लीगच्या नादात सोडायची नाही. कॉलेज सोडलंस तर युनिव्हर्सिटीची टीमच गेली हातातून, हे तरी डोक्यात आलं होतं का? डिग्री सोलापुरातच पूर्ण कर. तुझे वडील मागावर शिफ्ट करून फी भरतात, त्यांना हे मी सांगायला नको, तुला सांगायला पाहिजे.

आता खेळाबद्दल, माझा खरा विषय हाच. तुझ्या व्हिडिओत काय आहे, तर क्रॉसओव्हर, बिहाइंड द बॅक, स्टेप बॅक असले चकवे, वर गाणं. पॉइंट किती केलेस ते पण लिहिलंयस. टर्नओव्हर किती झाले, म्हणजे बॉल किती वेळा घालवलास, ते कुठंय? व्हिडिओ कापणाऱ्याने ते कापले, कोच नाही कापत. कोचच्या डोक्यात नवीन गार्डबद्दल एकच प्रश्न असतो, याच्या हातात बॉल दिला तर मला बेंचवर शांत बसता येईल का. मिनिटं त्याच्यावर मिळतात. दोन असिस्टला, म्हणजे बास्केट करून देणाऱ्या पासला, एकापेक्षा जास्त टर्नओव्हर होत असेल तर तुझ्या वीस पॉइंटचं कौतुक पेपरवाले करतील, कोच नाही करणार. मित्राला वही देऊन साइडला बसव, प्रॅक्टिस मॅचला पण लिहायला लाव.

शॉट मारायला 24 सेकंदाचं क्लॉक, त्यातले हाफ कोर्ट ओलांडायला 8. समोर प्रेस करणारा, म्हणजे आपल्याच हाफमध्ये अंगावर येणारा, असला की तू सात सेकंद बॉल बडवत वर येतोस, मग सेट लावायला पाच-सहा जातात, आणि शेवटी दहा सेकंदात घाईचा शॉट. तीन-चार सेकंदात वर ये, किंवा पास करून वर ने, बॉल माणसापेक्षा जोरात पळतो. आणि स्क्रीन आल्यावर, म्हणजे आपला खेळाडू तुझ्या डिफेंडरची वाट अडवून उभा राहिल्यावर, तुझी नजर खाली बॉलवर असते, ही सगळ्यात मोठी गडबड. स्क्रीन घेताना दोन माणसं बघायची, तुझा डिफेंडर आणि स्क्रीन लावणाऱ्याचा डिफेंडर. तुझा माणूस स्क्रीनच्या खालून, म्हणजे मागच्या बाजूने, गेला तर तिथल्या तिथं शॉट, लाजायचं नाही. वरून तुझ्या मागे आला तर त्याला पाठीवर ठेव, पळू नको, सावकाश आत जा. मग त्यांचा बिग, म्हणजे स्क्रीन लावणाऱ्याला धरणारा उंच खेळाडू, काय करतो ते बघ, मागे सरकत राहिला तर फ्लोटर (उंच, हलका टाकलेला शॉट) किंवा आठ-दहा फुटावरचा पुल अप (पळता पळता थांबून शॉट), अंगावर बाहेर आला तर लगेच रोल करणाऱ्याला, म्हणजे स्क्रीन लावून आत पळणाऱ्याला, पास, उशीर केलास की ते दोघं मिळून तुला साइडलाइनला कोंडणार. स्विच केला, म्हणजे दोघांनी माणसं बदलली, तर बिग तुझ्यासमोर एकटाय, तेव्हा वाटलं तर दाखव तुझा क्रॉसओव्हर. हे सगळं अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं आणि ते जिममध्ये येत नाही, ते हजार वेळा तेच तेच बघून येतं. तीन जण जमले तरी करता येतं. डावीकडून करताना तू अजून उजव्या हातात बॉल आणतोस, ते पहिल्या आठवड्यातच प्रतिस्पर्ध्याच्या लक्षात येईल. महिनाभर फक्त डावीकडून.

शॉटचं एक. एनबीएची थ्री पॉइंट लाइन वरून 7.24 मीटर, आपली फिबाची, म्हणजे जागतिक संघटनेची, 6.75. तू रील बघून पाऊण-एक मीटर मागून मारत बसतोस. आधी 6.75 वरून पाय थकलेले असताना घाल, मग बघू.

एनबीएतला गार्ड जेरेमी लिन, त्याची गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. 2010 ला ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, डिसेंबर 2011 मध्ये दोन टीमनी पाठोपाठ काढला, आणि फेब्रुवारी 2012 ला न्यूयॉर्ककडून लेकर्सविरुद्ध 38 पॉइंट. एवढं ऐकून पोरं पेटतात. मला फ्रेड व्हॅनव्लीट जास्त आवडतो. चार वर्षं कॉलेज पूर्ण केलं, उंची जेमतेम सहा फूट, 2016 ला त्याला पण ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, टोरंटोच्या खालच्या टीमकडून पण खेळला, आणि 2019 ला चॅम्पियन टीममध्ये शेवटच्या मिनिटांना कोर्टवर उभा होता. एकदम पेटला वगैरे काही नाही, कोचला याच्याबद्दल धाकधूक वाटत नव्हती एवढंच.

शरीराचं थोडक्यात सांगतो. सिमेंटच्या कोर्टवर रोज उड्या मारू नको, गुडघे पंचविशीत बोलायला लागतात. सिद्धेश्वरची गड्डा यात्रा उठली की आपल्याकडे ऊन चढायला लागतं, एप्रिल-मेमध्ये 42 डिग्रीला दुपारी चार वाजता पळणं म्हणजे मेहनत नाही, येडेपणा आहे. पहाटे साडेपाच किंवा रात्री लाइटखाली. घोटा मुरगळला की दोन दिवसात टेप लावून उतरतोस, ते बंद. एनबीएतला गार्ड स्टीफन करी 2011-12 च्या सीझनला घोट्यापायी फक्त 26 मॅच खेळला होता, मग त्याने कमरेची, मांडीची ताकद वाढवण्यावर काम केलं, नुसत्या टेपवर नाही भागवलं. खाण्याचे महागडे डबे घेऊ नको, भाकरी, शेंगाचटणी, अंडी, डाळ, दही, वेळेवर. झोप मात्र आठ तास, मोबाइल बाहेरच्या खोलीत.

आणि थ्री बाय थ्रीकडे तुच्छतेने बघतोस ते सोड. टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, हाफ कोर्ट, 12 सेकंदाचं क्लॉक, 10 मिनिटं नाहीतर 21 पॉइंट. कोचला कोर्टवरून ओरडता येत नाही, म्हणजे ठरवायचं तुम्हीच. गार्डला याच्यासारखी शाळा नाही. शिवाय फिबाच्या रँकिंगला प्रत्येक खेळाडूचे वेगळे पॉइंट जमा होतात, आधी प्रोफाइल बनव.

कॉन्ट्रॅक्टवर अजून सही केली नसशील तर थांब. पैसे किती ते तू बघितलंस, कधी मिळणार ते बघितलंस का? माझ्या ओळखीच्या एका पोराला सीझन संपल्यावर वर्षभर फोन करत बसावं लागलं. मॅचमध्ये लागलं तर ऑपरेशनचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कुणाचा, लीगच्या तारखांना युनिव्हर्सिटी किंवा स्टेटची मॅच आली तर सोडणार का, पुढच्या सीझनला दुसरीकडे जायची मोकळीक आहे का, हे तिन्ही लेखी पाहिजे. "बघू नंतर, आपलं घरचंच आहे" असं कोण म्हणालं तर त्यालाच म्हण, मग लिहून द्या की.

रविवारी सकाळी पार्कवर ये, कॉन्ट्रॅक्टची झेरॉक्स आण आणि वडिलांना पण आण. माझा एक वकील मित्र तिथं चालायला येतो, चहा पाजला की पानन् पान वाचून देईल.