डब्यातलं सॉसेज आणि रविवारचं मटण

प्रश्न : वडिलांना जठराचा कर्करोग झाला. आमच्याकडे रविवारी मटण आणि मुलांच्या डब्यात रोज सॉसेज असतं. मटण सोडावं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी डब्यातलं सॉसेज बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी, बेकन असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. पक्का पुरावा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आहे, पण जठराशीही संबंध दिसला. मटण त्याखालच्या, 'बहुधा कर्करोगकारक' गटात येतं. आठवड्यातून एकदा, रश्श्यात शिजवलेलं असेल तर खुशाल खा. निखाऱ्यावर काळा पडलेला भाग मात्र काढून टाका. खारवलेली सुकी मासळीही रोज नको. जास्त मीठ जठराला बाधतं.

अन्ननलिकेच्या कर्करोगाचं म्हणाल, तर तिथे मला मांसापेक्षा तंबाखू आणि दारूची धास्ती जास्त वाटते. माझी आई चुलीवरून उतरलेला चहा फुंकर न मारता प्यायची. तिला मी कप खाली ठेवायला लावायचो, कारण ६५ अंशांवरची पेयंही अन्ननलिकेला घातक मानली जातात.

आणि ताई, तुम्ही व तुमच्या भावंडांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्या. जठराच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे, आणि औषधांनी हा जंतू जातो.