बारीक माणसाला शुगर कशी काय?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी डिचोलीचा, वय ४३, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६१ किलो, जाडा कधीच नव्हतो. ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ७.१ आलं, परत केलं तरी तेवढंच. घरचे म्हणतात लॅबची चूक असणार, बारीक माणसाला कुठे शुगर होते? सकाळी पाव आणि दोन वेळ शीत-कडी (भात-आमटी) हे माझं जेवण. काय सोडू? आणि वजन कमी करायला माझ्याकडे जागा तरी कुठे आहे?

उत्तर : दोनदा तेच आलंय म्हणजे लॅबची चूक नाही, डायबेटीसच आहे. हे आधी मान्य करा, कारण 'मी बारीक आहे' या भरवशावर लोक वर्षानुवर्षं काढतात आणि मग डोळ्याचं नाहीतर पायाचं दुखणं घेऊन येतात, ते बघून जीव तुटतो.

तुमच्या प्रश्नावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी उभं आयुष्य घातलंय. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक दिसत नाही, तसा तो तुमचाही दिसलेला नाही (तुमचा बीएमआय साधारण २१.७ येतो).

हे येतं कुठून, तर याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं बघायला सुरुवात केली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. आता जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू, तेच कमी, आणि चरबी सुरक्षित साठवायची कातडीखालची कणगी मर्यादित, ती भरली की पुढची चरबी लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडात (इन्सुलिन तयार होतं तिथे) जाऊन बसते आणि इन्सुलिनचं काम बिघडतं. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या आत हवी. आजच टेप घेऊन मोजा, पोट आत न ओढता.

वजन कमी करायला जागा आहे का, तर थोडीशी असू शकते. न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी बीएमआय २७ च्या आतल्या २० डायबेटिक लोकांवर अभ्यास केला, त्यातल्या १४ जणांची शुगर औषधाशिवाय डायबेटीसच्या पातळीखाली आली, वजन साधारण साडेसहा टक्के उतरल्यावर. पण तुमचा बीएमआय आधीच कमी, त्यामुळे कंबर बघून आणि डॉक्टरांना विचारूनच, गोळ्या स्वतःहून बंद करून तर अजिबात नाही. आणि वजन आपोआप उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल तर लगेच दाखवा, बारीक माणसात टाइप वन (शरीरात इन्सुलिनच जवळजवळ तयार होत नाही तो डायबेटीस) किंवा स्वादुपिंडाचा आजार आहे का तेही बघावं लागतं.

शीत सोडू नका, ताटातली जागा बदला. उकडे तांदूळ म्हणून ढीगभर चालतो असं नाही, एक मूद घ्या, हुमणातले मासे, मुगागाठी, अळसांद्याचं टोणक (मुगाची, चवळीची उसळ) वाढवा. मैद्याचा पाव रोज नको. चालणं चांगलंच, पण स्नायूंसाठी वजनं उचलणं किंवा उठाबशा हव्यातच, हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या डायबेटीस पाहणीत गोव्याचं डायबेटीसचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. तेव्हा घरच्यांचीही तपासणी करून घ्या, बारीक असले तरी.

प्रश्न : सुनेला चौथा महिना आहे, आम्ही पूर्ण शाकाहारी. दोघांपुरतं खा असं सगळे सांगतात. मला डायबेटीस आहे म्हणून भीती वाटते. (फोंडा)

उत्तर : दोघांपुरतं नको, सकस हवं. गरोदरपणातली शुगरची तपासणी चुकवू नका आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तपासायला सांगा, पूर्ण शाकाहारात ते कमी पडू शकतं. पुण्याच्याच अभ्यासात ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) जास्त दिसला. पण तेवढ्यासाठी फॉलिक ॲसिडची गोळी थांबवायची नाही हं, ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी लागते, फक्त बी-१२ कमी निघालं तर तेही डॉक्टरांकडून भरून घ्यायचं. दूध-दही रोज द्या.