एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजीला थेट प्रवेश घ्यावा का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. तिला नॅनोटेक्नॉलॉजीत संशोधन करायचंय. एका खासगी कॉलेजात एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजी आहे, फी बरीच आहे. तिथे घालावं का? पुढे नोकरीचं काय?
– एक पालक, लातूर

उत्तर : मुलीची आवड चांगली आहे, पण पदवीच्या नावाला भुलू नका. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची ‘जॅम’ घ्या किंवा पीएच.डी.च्या फेलोशिपसाठीची सीएसआयआर-नेट, दोन्ही परीक्षांत नॅनोटेक्नॉलॉजीचा पेपरच नाही. त्यामुळे मी तरी आधी एम.एस्सी. केमिस्ट्री किंवा फिजिक्स करा असंच सांगेन. नॅनो पीएच.डी.ला.

का, ते एका उदाहरणाने सांगतो. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरची लालसर रेघ पाहिली असेल. बहुतेक पट्ट्यांत ती सोन्याच्या नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची असते. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवून त्यात सायट्रेट घातलं, की थोड्याच वेळात ते लालबुंद होतं. हे काम केमिस्ट्रीचं. त्यात मीठ टाकलं तर कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळसर होतो. तो का, हे फिजिक्सवाला सांगणार. कणांवर अँटिबॉडी बसवून हार्मोन पकडायचा, ते बायोलॉजीवाल्याचं. अशा टीममध्ये थोडंथोडं सगळं येणाऱ्यापेक्षा एक विषय पक्का असलेल्याला विचारतात.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. ‘नॅनोटेक्नॉलॉजिस्ट पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसते. पेंट, औषधं, बॅटरी, सेमीकंडक्टर या कंपन्या मटेरियल्स जाणणारी, एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणारं यंत्र) यांवर हात बसलेली माणसं घेतात. संशोधनाला मोहालीची आयएनएसटी (नॅनो विज्ञानाची संस्था), पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयआयटी मुंबई, बेंगळुरूची आयआयएससी आहेत. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर नाही. मात्र पाचेक वर्षं धरून चाला, आणि तेवढ्यात ‘आता पुरे झालं शिक्षण’ असं घरात कुणी सुरू करणार नाही, हे तुम्ही बघा!

त्या कॉलेजात जाणारच असाल, तर फी भरण्याआधी विचारा : एसईएम स्वतःच्या डिपार्टमेंटला आहे, की सॅम्पल बाहेर पाठवतात? विद्यार्थ्यांना मशीनला हात लावू देतात का?

दरम्यान विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपला तिला अर्ज करू द्या. प्रत्यक्ष लॅबमधलं काम आवडतंय का, ते तिथे कळेल. जॅमचा फॉर्म तिसऱ्या वर्षी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. गणपती-दसऱ्याच्या गडबडीत तो बऱ्याच मुलांचा राहून जातो.