न विणता उचललेले टाके

प्रश्न : नातवाच्या स्वेटरसाठी मी सुलट बाजूला एक आड एक टाका न विणता, धागा पुढे ठेवून उचलत आहे. उठाव छान दिसतो. पण वीतभर विणून झाल्यावर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ झाले असून रुंदीही कमी भरते. काय चुकले असावे?
— एक आजी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आजी, आपला हात चुकलेला नाही, सुया चुकल्या आहेत. उचललेला टाका त्या ओळीत वाढत नाही आणि त्याच्यासमोरून जाणारा आडवा धागा शेजारच्या दोन टाक्यांना जवळ ओढतो, त्यामुळे ही वीण साध्या विणीपेक्षा दाट व अरुंद होते. १० नंबरच्या सुया असतील तर ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या घ्याव्यात (आपल्याकडे नंबर उतरला की सुई जाड होते, हे दुकानात हमखास विसरले जाते). टाका उचलताना सुई उलट टाक्यासारखी घालावी, नाहीतर टाका पिळतो. आणि पुढचा टाका विणण्यापूर्वी उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरवावेत, म्हणजे आडवा धागा सैल बसतो.

विणलेले उसवावे लागेल. मात्र नागपूरचा खरा गारठा डिसेंबर-जानेवारीपुरताच असल्याने, माझ्या मते, ही जाड वीण छातीवरच्या पट्ट्यापुरती आणि खिशांपुरती ठेवून बाकीचा स्वेटर साधा सुलट विणावा.