वाचक विचारतात : ‘ले मिझेराब्ल’ची गाणी

‘ले मिझेराब्ल’ या संगीतिकेत एकच चाल वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येते. संगीतकाराला चाली सुचल्या नाहीत म्हणून, की यात काही योजना आहे? (डोंबिवली)

योजना आहे, आणि या संगीताचा खरा मोठेपणा तिच्यातच आहे. व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी 1862ची, हजाराहून अधिक पानांची. ह्यूगो थांबून, पानंच्या पानं खर्चून दोन माणसांच्या आयुष्यांतला धागा दाखवू शकतो. संगीतिकेकडे साधारण तीन तास असतात आणि त्यात गद्य संवाद जवळजवळ नाहीत. म्हणून क्लोद-मिशेल शोनबर्ग यांनी आठवण ठेवायचं काम चालींवर सोपवलं.

सुरुवातीला बिशप दारात आलेल्या, तुरुंगातून सुटलेल्या ज्याँ व्हालज्याँला आत बोलावतो, भाकरी आणि वाइन देतो. ती चाल नीट लक्षात ठेवा. शेवटाकडे मारियुस हा तरुण विद्यार्थी बंडात मेलेल्या मित्रांच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर ‘एम्प्टी चेअर्स अ‍ॅट एम्प्टी टेबल्स’ गातो, तेव्हा हीच चाल परत येते. तेव्हा पाहुण्यासाठी मांडलेलं टेबल आता ओकंबोकं झालेलं असतं. शब्दांत याचा कुठेही उल्लेख नाही. कानाला मात्र ते कळतं.

याहून धारदार जोडी व्हालज्याँ आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी झाव्हेर यांची. बिशपने त्याची चोरी माफ केल्यावर व्हालज्याँ जे स्वगत गातो, त्याच संगीतावर झाव्हेर आत्महत्येपूर्वीचं स्वगत गातो. दोघांनाही अनपेक्षित दया मिळालेली आहे, झाव्हेरला ती व्हालज्याँकडून. एक त्यातून नवा माणूस होतो, दुसऱ्याला ती सोसत नाही. चाल वेगळी असती तर ही तुलना निसटली असती. फाँतीन या कारखान्यातून काढलेल्या कामगार स्त्रीच्या मृत्यूच्या प्रसंगातली चाल मारियुसवर एकतर्फी प्रेम करणाऱ्या एपोनीनच्या ‘ऑन माय ओन’मध्ये येते, त्यालाही कारण आहे. 1980च्या पॅरिसच्या मूळ फ्रेंच प्रयोगात ती चाल फाँतीनचीच होती, लंडनच्या आवृत्तीत ती एपोनीनलाही मिळाली.

बिशपचा प्रवेश मूळ फ्रेंच प्रयोगात नव्हता, हे खरं का? (नाशिक)

खरं आहे. फ्रेंच प्रेक्षकाला कथा तोंडपाठ, म्हणून तो प्रयोग थेट कारखान्यातल्या कामगारांपासून सुरू होई. 1985मध्ये लंडनसाठी नाटक नव्याने बांधताना प्रारंभीचा भाग जोडला गेला. हर्बर्ट क्रेट्झमर यांचे इंग्रजी शब्द, शिवाय ‘स्टार्स’, ‘ब्रिंग हिम होम’ आणि ‘एम्प्टी चेअर्स’ ही नवी गाणी तेव्हाचीच.

मी शास्त्रीय गायन शिकले आहे. ‘ऑन माय ओन’ माइनस-वन ट्रॅकवर (गायकाचा आवाज वगळून फक्त साथसंगतीवर) गाते. सुरुवात सुरेख होते, शेवटी आवाज फाटतो. सराव कमी पडतो का? (पुणे)

सराव नव्हे, पट्टी चुकते. आपल्याकडे एकदा सा धरला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. इथे सा दोनदा बदलतो. नाट्यप्रयोगाच्या प्रचलित पट्टीत गाणं पेटीच्या पांढरी दोनपासून सुरू होतं, मधला तुकडा काळी पाचवर जातो, म्हणजे तुमच्या कोमल धैवताला सा मानून, आणि कळसाचा भाग पांढरी चारवर येतो. म्हणजे सुरुवातीच्या कोमल गंधाराला सा केलं जातं. पहिल्या ओळी सोप्या वाटल्या म्हणून पट्टी ठरवली, तर शेवट साहजिकच हाताबाहेर जातो.

उलट दिशेने जा. आधी शेवटचा भाग पूर्ण आवाजात, सलग तीन वेळा, घसा न आवळता गाता येतो का ते पाहा. येत नसेल तर ट्रॅक दोन स्वर (दोन अर्धस्वर) खाली घ्या. मग सुरुवात पांढरी एकवर आणि शेवट काळी दोनवर येईल. याहून फार खाली नेऊ नका, सुरुवातीच्या ओळी खर्जात जाऊन ऐकूच येणार नाहीत. रियाजाला तानपुरा बंद ठेवा, नाहीतर सा बदलला की तोच बेसूर वाटू लागेल. पेटीवर तिन्ही तुकडे वेगळे बसवा, आणि सांध्यावरची शेवटची व पुढची पहिली अशा दोनच ओळी दहा-बारा वेळा जोडून म्हणा. चूक जवळजवळ नेहमी सांध्यावरच होते.

मींड आणि मुरक्या इथे आवरा. हे बोलल्यासारखं गायचं गाणं आहे, एपोनीन स्वतःशी पुटपुटते आहे.

‘आय ड्रीम्ड अ ड्रीम’लाही हाच नियम लावा. तिथे उडी लहान, काळी दोनवरून पांढरी चारवर, म्हणजे शुद्ध रिषभाला सा. ‘ब्रिंग हिम होम’ची अडचण वेगळी. त्यात आरंभीच मध्य सा ते तार सा अशी झेप आहे आणि ती हळू आवाजात घ्यायची असते. जोर लावून घेतली तर प्रार्थनेची आरोळी होते.

आमच्या मंडळात 20 जण गाणारे आहेत. ‘वन डे मोअर’ बसवायचं आहे, पण सगळे एकत्र आले की गोंगाट होतो. (न्यू जर्सी)

आठ जण एकलगायक ठेवा : व्हालज्याँ, मारियुस, कोझेत, एपोनीन, आँजोलरा, झाव्हेर आणि तेनार्दिए नवरा-बायको. उरलेले 12 कोरसमध्ये. हे पहिल्या अंकाच्या शेवटचं गाणं आधी ऐकलेल्या चालींचीच वीण आहे : व्हालज्याँचं ‘हू अ‍ॅम आय’, ‘आय ड्रीम्ड अ ड्रीम’च्या मधल्या भागाची चाल, तेनार्दिएंचं ‘मास्टर ऑफ द हाऊस’. म्हणून आधी ही तीन मूळ गाणी प्रत्येकाला पाठ करायला लावा. मग दोन-दोन ओळी एकमेकांवर ठेवून गाऊन पाहा, तीन, मग चार. सगळ्यांना एकदम उभं करून सुरुवात केली की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या चालीत घसरतो.

गोंगाटाचं कारण एकच, प्रत्येकाला आपली ओळ ऐकू यावीशी वाटते. नवी ओळ येताच आधीच्यांनी आवाज निम्मा करायचा, असं ठरवून घ्या. तेनार्दिएंची ओळ शब्दांनी खच्चून भरलेली आहे. ती जोराने नव्हे, व्यंजनं कुरकुरीत ठेवून ऐकू येते.

यातलं बंड म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच ना? (कोल्हापूर)

नाही. 1789 नव्हे, जून 1832चा पॅरिसमधला उठाव. सेनापती लामार्क यांच्या अंत्ययात्रेतून तो पेटला आणि दोन दिवसांत चिरडला गेला.

कॉलेजसाठी मराठी रूपांतर करतोय. तिकीट लावणार नाही. परवानगी लागेल? (छत्रपती संभाजीनगर)

लागेल. कादंबरी सर्वांना खुली आहे, संगीत आणि संगीतिकेचे शब्द नाहीत. तिकीट नसलं तरी सार्वजनिक प्रयोग तो प्रयोगच. भाषांतर करायचं तर लिहायला बसण्याआधीच हक्कधारकांची वेगळी लेखी संमती हवी. प्रयोगाचे परवाने म्युझिक थिएटर इंटरनॅशनल देते, विचारणा तिथूनच सुरू करा. संमती मिळाली तर शब्द बसवताना लांब, उंच स्वरावर ‘आ’ किंवा ‘ओ’ येईल असं पाहा. तिथे ‘ई’ आला की आवाज चिरका होतो, आणि ‘मन’, ‘जळ’ असे व्यंजनावर मिटणारे शब्द आले की स्वर लांबवताच येत नाही.